मांडी

बसलिंगप्पांनी अडकित्ता गादीच्या मधोमध ठेवला आणि म्हणाले, "हे अमृतराव."

मग चुन्याची डबी उचलून त्यांनी ती तक्क्याशी टेकवली. ते जनरेटर. काडेपेटी म्हणजे पाहुण्यांची मोटार, ती फाटकाकडं तोंड करून. राहिली एक सुपारी. ती त्यांनी दोन बोटांत धरून अडकित्त्यापासून वीतभर लांब ठेवली, मान तिरकी करून पाहिली, आणि आणखी मागं सरकवली.

"हा शिवमूर्ती. आता सांगा मास्तर. दिवे गेलेले, अंधार गुडूप, मधी माणसं, जनावरं, कडब्याच्या गंजी. या पोरानं जन्मात कधी गलोल हातात धरली नव्हती. अन् गोळी बरोबर काळजात?"

"कबुली दिली त्यानं," अण्णाराव मास्तर म्हणाले. मास्तरांचा छापील अक्षरावर फार विश्वास. शाळेत तीस-पस्तीस वर्षं तेच शिकवलं होतं, आता निवृत्तीत दुसरं काही शिकायची त्यांची तयारी नव्हती.

"कबुली! कबुली तर तुमचा बैल बी देईल ठाण्यात नेला तर. अन् आवाज किती झाले? सरकार म्हणतं दोन. मी म्हणतो तीन. तिसरी गोळी कुणाची? जनरेटर कुणी बंद केला? मोटार चालू कामून ठेवली होती?"

मोंढ्यात दुष्काळानं दुसरं काही शिल्लक ठेवलंच नव्हतं. माल नाही, गाड्या नाहीत, बसलिंगप्पांच्या अडतीच्या दुकानातला मोठा काटा नुसता लोंबकळत असायचा. शिरडपेठच्या लोकांना बोलायला तेवढे अमृतराव होते. मोठा पुढारी. लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा हत्तीवरून साखर वाटली होती त्यांनी, आणि आता मंत्री होणार, आज होणार, उद्या होणार, असं चाललेलं असताना जनावरांच्या छावणीच्या उद्घाटनाला आले आणि तिथंच पडले. छावणीत कडबा वाटणाऱ्या शिवमूर्तीला लोकांनी जागेवर धरलं. आधीच्या कामावरून काढल्याच्या रागातून त्यानं एकट्यानं हे केलं, असं सरकारनं सांगितलं. पुढं कोठडीत त्यानं धोतराच्या पट्टीनं गळफास घेतला, असंही सरकारनंच सांगितलं. बोंबाबोंब झाली म्हणून मग एका निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमला.

सरकारच्या या सांगण्यातली एकेक ओळ बसलिंगप्पांच्या गादीवर रोज सोलून निघे. गोळ्या, दिवे, मोटार, अमृतरावांचा मेहुणा, त्या मेहुण्याला मिळालेलं तिकीट. फक्त कोठडीची ओळ आली की सगळे गटार ओलांडावं तसे पाय उचलून पलीकडं जात. मास्तर सरकारच्या बाजूचे म्हणून जात, ते समजण्यासारखं होतं. बसलिंगप्पाही जात.

आणि हे सगळं चालायचं तेव्हा दुकानाच्या पायरीवर नागम्मा बसलेली असायची. शिवमूर्तीची आई. सुरुवातीला तिला पाहून माणसं गप्प व्हायची, आवाज खाली आणायची. पुढं सवय झाली.

मास्तर उठून गेले. बसलिंगप्पांनी डबी, काडेपेटी गोळा केली, आणि बोलण्याच्या नादातच सुपारी अडकित्त्यात धरून कातरली, तोंडात टाकली. नागम्मा पायरीवरून बघत होती. तिला त्याचं काही वाटलं नाही. हल्ली तिला कशाचंच काही वाटत नसे. जेवणात मीठ आहे की नाही हेही सून विचारायची तेव्हा तिला पुन्हा घास घेऊन बघावं लागे.

"अप्पा," ती म्हणाली.

"वैनी, उन्हाचं कामून आलात? निरोप धाडायचा की." बसलिंगप्पा तिच्या नवऱ्याचे चुलतभाऊ. नवरा गेल्यापासून बी-बियाणाला, दवाखान्याला त्यांनीच हात दिला होता. माणूस वाईट नव्हता.

"सोमवारी लातूरला चौकशी हाय."

"मला बोलावणं हाय की! सगळं सांगतो तिथं. जज्जाला म्हणतो, आधी जनरेटरवाल्याला उभा करा. तुमी बघाच वैनी, शिवमूर्तीला असा सोडवून आणतो…" एवढं बोलून ते थांबले. सोडवून आणायला शिवमूर्ती कुठं होता?

"पायाचं सांगता का?"

बसलिंगप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि गादी झटकली. गादीवर काही नव्हतं.

"पायाचं काय आता, वैनी."

"त्यानं मारलं का न्हाई मारलं, मला म्हायती न्हाई. मी तिथं नव्हते. तुमी रोज त्याला सोडविता, मास्तर रोज त्याला फासावर देतेत. मला दोन्हीचं काई वाटंना झालंय. पर पाय मोडलेले हुते. तेवढं कुणीतरी सांगा."

"तुमी पाहिले का?"

"न्हाई."

"मग?" असं म्हणून ते आत गेले आणि रिकाम्या पोत्यांच्या घड्या करत बसले.

तिनं पाहिले नव्हते, ही खरी गोष्ट होती. त्यांच्या लिंगायतांत माणूस गेला की आडवा ठेवत नाहीत. आंघोळ घालतात, कपाळाला विभूती लावतात, डाव्या हातात लिंग देतात आणि मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात. बसलेलाच नेतात, बसलेलाच पुरतात. देवासमोर गेला तर बसून जायचा, झोपून नाही. एरवी जीव गेला की अंग ऊन आहे तोवर पाय दुमडून घेतात. शिवमूर्ती जीपमध्ये आला तो लाकडासारखा ताठ, चादरीत बांधलेला. गावात पाण्याचा टँकर दोन दिवसांआड यायचा. शेजारणींनी तांब्या-तांब्या करून घागर भरली. अंगणात धोतराचा आडपडदा धरला, आणि पुरुष माणसं त्याच्या आड गेली. पुरुषाच्या आंघोळीला बायका जात नाहीत. नागम्मा उंबऱ्यावर बसून राहिली.

आत चौघं होते. जंगमस्वामी, भावकीतले मन्मथप्पा, शेजारचा एकजण, आणि पायांशी बसलिंगप्पा. बराच वेळ नुसती हालचाल ऐकू येत होती, कुणीतरी "सावकाश" म्हणत होतं. मग एक आवाज झाला. ओलं लाकूड गुडघ्यावर घेऊन मोडावं तसा. बसलिंगप्पा बाहेर आले, रांजणाशी गेले आणि हात धुवायला लागले. कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले. पिण्याचं पाणी होतं ते. बसम्मा, त्यांची बायको, पुढं होऊन म्हणाली, "अहो, पाणी!" तरी ते ओतत राहिले.

पडदा निघाला तेव्हा शिवमूर्ती भिंतीला टेकून बसलेला होता. कमरेखाली कोरं धोतर नीट पसरलेलं. नागम्मा पुढं सरकली, आणि पोराच्या मांडीवर हात ठेवायला गेली, तर स्वामींनी तिचा हात मधेच धरला. "नको आई. आता तो शिवाचा झाला." पण धोतर एका जागी उचललेलं होतं, गुडघा नसतो तिथं. तेवढं तिला दिसलं.

हे सगळं तिनं लातूरला वकील साहेबरावांना सांगितलं होतं. साहेबराव वाघमारे तरणे होते, बौद्धवाड्यातले, गावातल्याच केरबा वाघमाऱ्यांचे चिरंजीव. बाप खडी फोडायला गेला आणि पोरगा वकील झाला. फी घेणार नाही म्हणाले. पहिल्या खेपेला नागम्मानं त्यांच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. आता घेत होती, आणि त्याबद्दल दोघंही बोलत नव्हते.

"मावशी, तुम्ही आई," साहेबराव म्हणाले होते. "आईनं सांगितलेलं आईनंच सांगितलेलं राहतं. आणि तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पायाला हात लावलेला माणूस पाहिजे."

"डॉक्टरनं पाहिलं असंल की."

"डॉक्टरांनी गळ्यापुरतं लिहिलंय. त्यांची बदली भोकरकडं झाली, विचारून आलो मी. खाली तपासायची गरज वाटली नाही म्हणतात."

मग ती एकेकाकडं गेली. मन्मथप्पा म्हणाले, मी डोकं धरलं होतं, मला काय दिसणार. शेजारचा म्हणाला, मी पाणी ओतत होतो. जंगमस्वामी म्हणाले, आमचं काम विभूतीचं. आता सगळ्या गावात, तीन गोळ्यांचा हिशेब तोंडपाठ असलेल्या गावात, पाय पाहिलेला माणूस म्हणून एकटे बसलिंगप्पा उरले होते.

सोमवारी दोघं एकाच एसटीनं निघाले. बसलिंगप्पांनी परीटघडीचं धोतर नेसलं होतं, डोक्याला फेटा, कपाळाला ठसठशीत विभूती. तिकीट त्यांनीच दोघांचं काढलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन उघडी पडली होती. एका ठिकाणी टँकरमागं बायका पळत होत्या, म्हणून एसटी जरा थांबली.

"मी असं मांडतो बगा," बसलिंगप्पा सांगायला लागले. "पैल्यांदा आवाज. मग अंधार. मग मोटार. एकदम मेहुण्यावर जायचं न्हाई. हळूहळू जायचं. जज्जाच्या डोक्यात शक निर्माण झाला पायजे."

नागम्मा खिडकीबाहेर बघत होती.

"आवाज म्या ऐकला," ती म्हणाली.

"तुमी कुठं हुता छावणीत?"

"छावणीतला न्हाई. अंगणातला. पडद्याआडचा."

बसलिंगप्पांच्या हातात तिकिटं होती. ती त्यांनी बारीक गुंडाळली, मग उलगडली, मग पुन्हा गुंडाळली. एसटी सुटली. पुढच्या बाकावरच्या बाईचं पोर मागं वळून त्यांच्या फेट्याकडं बघत होतं.

"म्हणून तुमी बोलत न्हाई," नागम्मा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग यायला सुद्धा आत काहीतरी जागं असावं लागतं. "इतके दिवस म्या समजले तुमी पोलिसाला भेता."

"ताठ झालता तो," बसलिंगप्पा म्हणाले. खाली मान घालून, पुढच्या बाकाच्या दांडीशी बोलल्यासारखे. "मांडी बसंना. स्वामी म्हणले, बसविल्याबिगर नेता येत न्हाई. मी म्हणलं, जरा जोर देऊ. हातच ठिवला वैनी. शपथ. एवढ्या जोरानं…" गुंडाळलेली तिकिटं त्यांनी मुठीत दाबली. "लहानपणी माझ्याच मांडीवर जेवायचा की तो. पेंडीच्या पोत्यावर बसून पाय हलवीत बसायचा."

"मग सांगा तसंच."

"काय सांगू? माझ्या हातानं पोराचा पाय मोडला म्हणून?"

"तसंच सांगा. तुमी मोडला म्हणा, माझी हरकत न्हाई. पर मोडला हुता म्हणा. न्हाईतर सरकारच्या कागदात त्याचे पाय कायमचे धड राहतेत."

लातूर येईपर्यंत बसलिंगप्पांनी जनरेटरचंही नाव काढलं नाही, आणि हे त्यांच्या बाबतीत नवल होतं.

आयोग बसला होता नव्या जिल्ह्याच्या एका भाड्याच्या कचेरीत. जिल्हा नवा, पाटी नवी, खुर्च्या मात्र जुन्या जिल्ह्यातून वाटणीत आलेल्या. पाठीवर अजून उस्मानाबाद लिहिलेलं. व्हरांड्यात गर्दी. दाराशी एक हवालदार उभा होता, तो बसलिंगप्पांना बघून हसला.

"या अप्पा. दुकान कसं चाललंय?"

"चाललंय."

"फौजदार साहेबांनी पण विचारलंय तुम्हाला," हवालदार म्हणाला, आणि अदबीनं बाजूला झाला.

साहेबराव काळा कोट घालून आले. त्यांनी नागम्माला मागच्या बाकावर भिंतीशी बसवलं. "सांगणार आहेत का ते?" त्यांनी हळूच विचारलं. ती म्हणाली, "मला म्हायती न्हाई."

बसलिंगप्पांना पुकारलं. शपथ झाली. न्यायमूर्ती म्हातारे होते, बोलणं सावकाश ऐकून घेणारे. आणि बसलिंगप्पा बोलले. सुरुवातीला घसा खाकरत, मग रंगात येऊन. तीन आवाज. पहिल्या दोन आवाजांच्या आधी दिवे गेले की नंतर. मोटारीचं इंजिन. सरकारी वकील मधेमधे काही टिपून घेत होते आणि गालात हसत होते. मागं बसलेली माणसं माना डोलावत होती. असं वाटलं की शिरडपेठची गादीच उचलून इथं आणली आहे, फक्त सुपारी तेवढी राहिली. नागम्मा भिंतीला डोकं टेकून ऐकत होती. हे तिला सगळं पाठ होतं.

साहेबराव उठले.

"शिवमूर्तीचा मृतदेह घरी आला, तेव्हा तुम्ही हजर होता?"

"होतो."

सरकारी वकील अर्धे उठले. "महाराज, अंत्यविधीचा इथं काय संबंध?"

"मृत्यूचा आहे ना? मग विचारू द्या," न्यायमूर्ती म्हणाले.

"तुमच्या रीतीप्रमाणे मृतदेह बसवावा लागतो. पाय कोणी वळवले?"

"मी."

"वळले?"

बसलिंगप्पांनी टॉवेलानं मान पुसली. एकदा दाराकडं पाहिलं. दारात हवालदार होता, पण ते त्याच्याकडं बघत नव्हते, त्याच्या पलीकडं व्हरांड्यातल्या उन्हाकडं बघत होते.

"मोडला," ते म्हणाले.

"काय मोडलं?"

"पाय मोडला. माझ्या हातानं मोडला. ताठ झालता. मी गुडघ्यावर जोर दिला तर कट्कन वाजला. आमच्या वैनी बसल्यात तिकडं मागं, त्यांनी बी ऐकला. मी कुणाला बोललो न्हाई. आज बोलायलो."

खोलीत कुजबुज झाली. सगळ्या माना मागं वळल्या. नागम्मानं पदर सारखा केला.

सरकारी वकील आता पूर्ण उठून उभे राहिले होते. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "महाराज, कोठडीत मारहाण झाली, पाय मोडले, असा जो अर्ज या बाईंच्या वतीनं आला आहे, त्याचं उत्तर त्यांच्याच साक्षीदारानं दिलं. पायाला इजा झाली ती अंत्यविधीच्या वेळी. कुणाचा दोष नाही, घरच्याच माणसाच्या हातून झालं. हे नोंदवून घ्यावं." मग बसलिंगप्पांकडं वळून, "तुम्ही खरं बोललात. बसा आता."

टाइप करणाऱ्या बाईनं ते टाइप केलं. यंत्र खडखडलं आणि थांबलं. झालं. सरकारच्या प्रत्येक शब्दावर शंका घेत आलेल्या माणसानं सगळ्यात शेवटी स्वतःवर घेतली होती, आणि सरकारला ती फार सोयीची पडली होती. साहेबराव टेबलाला हात टेकून उभेच होते. त्यांना पुढचा प्रश्न सुचत नव्हता, हे मागच्या बाकावरूनही कळत होतं. तरणा माणूस, चेहरा उतरलेला लपवता येईना. खाली बसायचं ते काहीतरी विचारून बसावं, एवढ्यासाठीच त्यांनी विचारलं असावं.

"कोणता पाय?"

"डावा."

"आणि उजवा?"

"उजव्याचं काईच न्हाई," बसलिंगप्पा लगेच म्हणाले. एका तरी गोष्टीतून सुटल्यासारखे. "उजव्याला मी जोर दिलाच न्हाई. उजवा नुसता उचलला तर आपोआप वळला की. जिकडं नेला तिकडं गेला."

साहेबराव सावकाश ताठ उभे राहिले.

बसलिंगप्पा अजून साक्षीच्या कठड्याशीच होते. तोंड उघडंच राहिलं होतं. आपण काय बोललो ते त्यांना बाकीच्यांच्या मागून, थोडं उशिरा ऐकू आलं. त्यांच्या हाताची बोटं कठड्यावर आपोआप दुमडली आणि अंगठा काहीतरी चाचपत राहिला, लाकडावरच, पुढं आणि मागं. तेव्हापासून आजवर त्या एका डाव्या पायाच्या आवाजानं त्यांचे कान भरलेले होते. उजवा पाय हातात आला होता, ठेवला होता, विसरला होता. ताठ झालेल्या माणसाचा एक पाय ताठ आणि दुसरा पोत्यासारखा मऊ कसा, हे त्यांनी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. इतकं विचारणारा माणूस!

"पंख्याच्या आवाजात ऐकू आलं नाही," टाइप करणारी बाई म्हणाली. "उजव्याचं काय म्हणाले?"

"साक्षीदारानं पुन्हा सांगावं," न्यायमूर्ती म्हणाले.

"महाराज," सरकारी वकील घाईनं म्हणाले, "साक्षीदार वयस्कर आहेत. उन्हातून आलेत, दमलेले दिसतात. झाली एवढी साक्ष पुरे आहे. उगाच त्यांना त्रास नको."

न्यायमूर्तींनी चष्मा काढला आणि बसलिंगप्पांकडं पाहिलं. "तुम्हाला थांबायचं असेल तर थांबू शकता. जबरदस्ती नाही. थांबता का?"

दारातला हवालदार आता हसत नव्हता. कठड्यातून खाली यायला एकच पायरी होती. खाली आले असते तर दुपारच्या एसटीनं शिरडपेठ, संध्याकाळी गादी, आणि मास्तर. तीन गोळ्या काही कुठं जात नव्हत्या. मोंढ्यातल्या दुसऱ्या कुणीही यात बसलिंगप्पांना नावं ठेवली नसती. डावा पाय त्यांनी कबूल केला होता, आणि तेवढं करायलाही छाती लागते, असंच लोक म्हणाले असते.

त्यांनी मागं वळून नागम्माकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी तिच्या तोंडावर काही दिसलं नसतं. ती तशीच बसली होती, दोन्ही हात मांडीत घेऊन, आणि बघणाऱ्याला वाटावं की तिला झोप आली आहे.

"उजवा पाय," बसलिंगप्पा म्हणाले. दुकानातला आवाज नव्हता तो. "बाई, लिहा. उजवा पाय मी मोडला न्हाई. मी हात लावायच्या आधी मोडलेला होता. गुडघ्याच्या खाली, नडगीवर. दोन ठिकाणी वळत होता. आत हाड हाडाला घासत होतं, ते माझ्या हाताला लागलं. मांडी बसली न्हाई त्याची. आम्ही धोतराखाली पाय बांधले अन् बसलाय असं दाखवलं. आईला बी तसंच दाखवलं. डावा… डाव्याचं मला आता सांगता येत न्हाई. तो बी आधीचाच असंल. नसंल. पर उजवा आधीचा. लिहिलं का?"

यंत्र खडखडत होतं. बाईला सगळं घ्यायला वेळ लागत होता.

"लिहिलं," बाई म्हणाली.

मागच्या बाकावरून नागम्मा एवढंच म्हणाली, "व्हय."